एल्डर म्हणजे तिथला पाटील नव्हे: मेलबर्नच्या एका मंडळाला सविस्तर उत्तर

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातल्या एका मराठी मंडळाच्या सूत्रसंचालक ताईंचा प्रश्न आहे. सप्टेंबरात त्यांचा गणेशोत्सव आहे, कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) हॉलमध्ये, चारेकशे माणसांचा. कौन्सिलचं थोडं अनुदानही आहे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘वेलकम टू कंट्री’ ठेवायचं ठरलंय, म्हणजे त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी (अ‍ॅबोरिजिनल लोकांपैकी) एका मानाच्या ज्येष्ठाने, ‘एल्डर’ने, जमलेल्यांचं रीतसर स्वागत करायचं. ताई विचारतात: एल्डर म्हणजे आपल्या पाटलासारखे जमातीचे प्रमुख का? स्टेजवर ओळख करून देताना त्यांची पार्श्वभूमी काय सांगायची? आणि ओळखीतून एक अ‍ॅबोरिजिनल ज्येष्ठ गृहस्थ मिळाले आहेत, मूळचे न्यू साउथ वेल्सचे, ते चालतील ना?

ताई, तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचं उत्तर ‘वेलकमसाठी नाही’ असं आहे, आणि ते का, हे लक्षात आलं की पहिल्या दोन्हींची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी व्हिक्टोरियातल्या पद्धतीवरून लिहितोय. ऑस्ट्रेलियात इंग्रज उतरले तेव्हा तिथे अडीचशेहून अधिक भाषा होत्या, त्यामुळे ‘अ‍ॅबोरिजिनल लोकांत असं असतं’ असं सरसकट बोलायला लागलं की चूक ठरलेलीच. उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये किंवा मधल्या वाळवंटात पूर्वापार चालत आलेला कायदा आजही रोजच्या व्यवहारात आहे. मेलबर्न-सिडनीच्या बाजूला वसाहतीचा तडाखा आधी आणि जबर बसला. भाषा आणि विधी तुटले आणि घराघरांनी ते तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा जुळवले. दोन्हीकडे ‘एल्डर’ हाच शब्द, पण त्यामागचा रस्ता वेगळा.

आता ‘कंट्री’ हा शब्द. याचं ‘देश’ असं भाषांतर करू नका. आपल्याकडे गावची शीव, पाणवठा, देवराई, कुलदैवताचं ठिकाण आणि पूर्वजांची थडगी हे सगळं एकत्र धरलं तर जे होईल, त्याच्या जवळपास तो शब्द जातो. माणूस त्या जागेचा असतो, आणि त्या जागेची राखण करायचं कामही त्याच्याकडे असतं. म्हणून तिथल्या नेतृत्वाला दोन कुंपणं असतात: कुठल्या भूमीबद्दल बोलायचं आणि कुठल्या विषयाबद्दल बोलायचं. एखादी व्यक्ती कितीही मोठी असली तरी दुसऱ्याच्या कंट्रीवर ती पाहुणीच. पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्यांना ‘या, घर आपलंच आहे’ म्हणायचं नसतं, एवढं तर आपल्यालाही कळतं.

याचं मेलबर्नमधलंच उदाहरण सर डग निकोल्स यांचं. जन्म १९०६, मरे नदीकाठच्या कमराग्युंजा वस्तीतला, लोक यॉर्टा यॉर्टा. पुढे मेलबर्नमध्ये फिट्झरॉय क्लबकडून फुटबॉल खेळले, त्याच भागात पाद्री झाले, खेड्यांतून शहरात येणाऱ्या अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांचे आधार झाले. १९७२ मध्ये ‘सर’ किताब मिळाला, १९७६ मध्ये ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. एखाद्या राज्याचं हे पद भूषवणारे ते पहिले अ‍ॅबोरिजिनल. मेलबर्नमध्ये त्यांच्या शब्दाला केवढं वजन होतं! तरी मेलबर्नची भूमी कुलिन लोकांची (वुरुंडजेरी, बुनुरोंग हे त्यांतलेच) आणि ते यॉर्टा यॉर्टा, हा फरक कधी पुसला गेला नाही. १९८८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं दफन कमराग्युंजालाच झालं. तुम्ही शोधलेले गृहस्थही असेच आदरणीय असू शकतात. त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून अवश्य बोलवा, दोन शब्द बोलू द्या. स्वागत मात्र त्या भूमीच्या माणसाने करायचं. बहुतेक ज्येष्ठ तुम्ही विचारलंत तर स्वतःच हे सांगून नकार देतील, आणि तुम्हाला योग्य दार दाखवतील.

आता पाटलाकडे येऊ. पाटीलकी वतनाची, सनदेची, सरकारदरबारी नोंदलेली. इंग्रजांनाही नेमका असाच माणूस हवा होता, ज्याच्याशी बोललं की सगळ्यांशी बोलल्यासारखं होईल. तो मिळेना, म्हणून त्यांनी तयार केला. १८१५ मध्ये गव्हर्नर मॅक्वारी यांनी सिडनीजवळच्या बंगारी यांना गळ्यात घालायचं, चंद्रकोरीच्या आकाराचं धातूचं पदक दिलं. त्यावर ‘ब्रोकन बे जमातीचा प्रमुख’ असं कोरलेलं होतं. बंगारी साधा माणूस नव्हता. १८०२-०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सच्या जहाजावरून तो ऑस्ट्रेलिया खंडाला वळसा घालून आला होता आणि किनाऱ्याकिनाऱ्याने अनोळखी लोकांशी मध्यस्थी करत गेला होता. त्याचं मोठेपण त्या मध्यस्थीत होतं. ‘प्रमुख’ ही उपाधी वरून चिकटवलेली. पुढे शंभरेक वर्षं अशी ‘राजा’, ‘राणी’ लिहिलेली पदकं वाटली गेली. त्यामुळे स्टेजवरून ‘ट्रायबल चीफ’ म्हणालात तर समोरच्या ज्येष्ठांना ते पदक आठवेल. तो शब्द नकोच.

मग खरं नेतृत्व कसं होतं? तुमच्या शहरापुरतं बोलायचं तर वुरुंडजेरी लोकांत ‘नुरुंगाएटा’ असा शब्द आहे. गटाचा बोलता पुढारी, ज्याचा सल्ला चालतो, असा अर्थ. हुकूम सोडणारा मात्र नव्हे. यातलं सर्वांत ठळक नाव विल्यम बराक यांचं (जन्म साधारण १८२४, मृत्यू १९०३). स्वान्स्टन स्ट्रीटच्या उत्तर टोकाला एका उंच इमारतीच्या दर्शनी भागावर एक भला मोठा चेहरा दिसतो, तो त्यांचा. लांबून नीट दिसतो, जवळ गेलं की नुसत्या बाल्कन्या.

१८६३ मध्ये हील्सव्हिलजवळ कोरँडर्क ही वस्ती उभी राहिली, ती बराक यांचे चुलत भाऊ सायमन वोंगा यांच्या पुढाकाराने. वोंगा गेल्यावर बराक पुढारी झाले. तिथले लोक स्वतः शेती करत, हॉप्स (बिअरसाठी लागणारं पीक) पिकवत. सरकारी मंडळाला ती वस्ती बंद करून लोकांना हलवायचं होतं. बराक आणि त्यांचे साथीदार हील्सव्हिलहून मेलबर्नपर्यंत साठेक किलोमीटर चालत जाऊन मंत्र्यांना भेटत, अर्ज देत, वर्तमानपत्रांना पत्रं लिहवत. १८८१ मध्ये यावर सरकारी चौकशी बसली आणि तिथे कोरँडर्कच्या बायकामाणसांनी स्वतः साक्षी दिल्या. नंतर १८८६ च्या कायद्याने मिश्र रक्ताच्या तरुण माणसांना वस्तीबाहेर काढलं, काम करणारे हात गेले आणि वस्ती मोडकळीला आली. बराक यांचं काम मात्र दुहेरी होतं, हे लक्षात घ्या. दिवसा अर्ज-विनंत्या, आणि उरल्या वेळात जुन्या समारंभांची चित्रं काढणं. पोसमच्या (झाडावर राहणारा एक केसाळ प्राणी) कातडीची वस्त्रं पांघरून नाचणारी माणसं आणि त्यांच्यामागे ओळीने बसलेले लोक अशी ती चित्रं, गेरू आणि कोळशाने काढलेली. राजकीय पुढारपण आणि संस्कृतीची राखण एकाच माणसाकडे, हे तिकडे नेहमीचं आहे. आपण ‘नेता’ आणि ‘बुवा’ असे दोन वेगळे खाने करतो, ते इथे लावू नका.

बराक यांच्या मागे त्यांचं मूल उरलं नाही. त्यांनी वारस म्हणून नाव घेतलं ते भाच्याचं, बहीण अ‍ॅनी बोराट यांच्या मुलाचं. आजची वुरुंडजेरी घराणी आपली वंशरेषा याच बहिणीकडून सांगतात. मामाकडून भाच्याकडे गेलेला हा वारसा मराठी माणसाला समजायला अवघड नाही.

आजोळाचा धागा निघालाच आहे तर वाळवंटातली एक व्यवस्था सांगतो, कारण ‘इथे प्रमुख कोण?’ हा प्रश्नच किती अपुरा आहे ते तिच्यातून दिसतं. वार्लपिरी लोकांत एखाद्या जागेचे आणि तिथल्या विधीचे ‘किर्डा’ असतात, म्हणजे ज्यांना तो हक्क वडिलांकडून आला ते. आणि ‘कुर्डुंगुर्लू’ असतात, ज्यांचं त्या जागेशी नातं मुख्यतः आईकडून आहे. विधी किर्डा करतात. अंगावरची रंगकामं, गाणी, क्रम हे सगळं बरोबर चाललंय का हे कुर्डुंगुर्लू बघतात, आणि चुकलं तर थांबवतात. एकाशिवाय दुसऱ्याला काही करता येत नाही. शिवाय जो एका जागेचा किर्डा, तोच आईच्या जागेचा कुर्डुंगुर्लू. आपल्याकडे गावजत्रेत पालखीचा मान एका घराण्याचा आणि पहिल्या गाऱ्हाण्याचा दुसऱ्याचा असतो, तसं काहीसं. फक्त इथे दुसऱ्याला चूक काढायचा पूर्ण अधिकार आहे. अशा ठिकाणी एकाच माणसाची सही घेऊन कंपनीवाले ‘समाजाची संमती मिळाली’ म्हणतात आणि मग प्रकरण कोर्टात जातं, त्याचं कारण हेच.

बायकांचं नेतृत्वही यातूनच समजतं. काही ज्ञान, काही जागा आणि विधी फक्त बायकांचे, काही फक्त पुरुषांचे. एखाद्या ज्येष्ठ बाईंनी एखाद्या प्रश्नाला ‘ते मी सांगायचं नाही’ असं उत्तर दिलं तर ती टाळाटाळ नव्हे. त्या आपल्या अधिकाराची हद्द सांगत असतात. म्हणून स्टेजवर प्रश्नोत्तरं ठेवू नका, निदान आधी विचारल्याशिवाय तरी नको.

पार्श्वभूमीचा प्रश्न. एल्डर ही वयाने आपोआप मिळणारी पायरी नाही, निवडणुकीने मिळणारं पदही नाही. ज्ञान, वागणूक आणि समाजासाठी केलेलं काम बघून आपले लोक हळूहळू त्या नावाने बोलवायला लागतात. सत्तरीचा प्रत्येक माणूस एल्डर नसतो, आणि पन्नाशीतली व्यक्ती असू शकते. तिथपर्यंत पोहोचायच्या वाटा मात्र फार वेगवेगळ्या.

व्हिन्सेंट लिंगियारी गुरिंदजी लोकांचे, उत्तरेच्या वेव्ह हिल कुरणावर गुरं वळणारे कामगार, आणि त्याच वेळी आपल्या लोकांच्या परंपरागत कायद्यातले जाणते. २३ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांच्यामागे दोनशेच्या आसपास माणसं कुरण सोडून चालती झाली. बाहेरच्यांना तो पगाराचा संप वाटला. मागणी जमिनीची आहे हे लवकरच उघड झालं. नऊ वर्षांनी, १६ ऑगस्ट १९७५ रोजी, पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी त्यांच्या तळहातावर मूठभर लाल माती ओतली. कुरणावरच्या नोंदवहीत ते एक मजूर होते, त्यांच्या लोकांत वडीलधारे. दोन्ही खरं.

सिडनीच्या रेडफर्नमधल्या मम शर्ल, लोक विरादजुरी. फिट्स येत म्हणून शाळेत रीतसर शिक्षण झालं नाही, आजोबांकडून शिकल्या. तुरुंगात भाऊ होता त्याला भेटायला जात, तो सुटल्यावरही इतर कैद्यांना भेटत राहिल्या. अधिकाऱ्यांनी ‘तुमचं नातं काय?’ विचारलं की ‘मी त्याची मम’ म्हणायच्या. नाव तेच पडलं. १९७० च्या सुमारास रेडफर्नमध्ये अ‍ॅबोरिजिनल लोकांसाठी कायदा-मदत आणि दवाखाना सुरू झाला, त्यात त्यांचा हात होता. पदवी नाही, मालमत्ता नाही; पण फोन आला की त्या तुरुंगात, कोर्टात, कुठेही हजर. पोलिस, पाद्री, मंत्री सगळे त्यांना ओळखून असत.

आणि लोविच्या ओ’डोनोह्यू. यांकुनिचाचारा आईची मुलगी, दोन वर्षांची असताना घरापासून तोडून मिशनमध्ये वाढवलेली. तीसेक वर्षं आईची भेट नाही. अ‍ॅडलेडच्या मोठ्या रुग्णालयात आधी नर्सिंगला प्रवेश नाकारला, तो त्यांनी भांडून मिळवला. पुढे १९९० मध्ये अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर आयोगाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. हे उदाहरण मुद्दाम देतोय. १९१० ते १९७० च्या दरम्यान सरकारी धोरणाने हजारो मुलं कुटुंबांतून काढून नेली. तुमच्यासमोर येणाऱ्या एल्डर स्वतः त्यातल्या असू शकतात, नाहीतर त्यांची आई. त्यामुळे ‘तुम्हाला तुमची मूळ भाषा येते का?’, ‘लहानपणी जंगलात राहत होतात का?’ हे आपल्याला साधे वाटणारे प्रश्न तिथे जखमेवरची खपली काढतात. कुणी चाळिशीत आपली कंट्री शोधत परत आलेलं असतं, आणि तरीही आज तिथलं मानाचं माणूस असतं.

याच ओघात रंगाबद्दल. एल्डर गोऱ्या दिसू शकतात. आपल्या मंडळींत कुजबुज होते, ‘या तर गोऱ्याच आहेत की!’ आधीच सांगून ठेवा. ओळख ठरते ती वंश, स्वतःची जाणीव आणि समाजाचा स्वीकार या तिन्हींवर. रंगावर किंवा ‘किती टक्के’ यावर नाही. टक्क्यांचा हिशेब १८८६ च्या त्या कायद्याने केला होता.

आणखी एक फरक: निवडून आलेले पुढारी. न्यू साउथ वेल्समध्ये १९८३ च्या कायद्याने स्थानिक लँड कौन्सिलं आली, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांचे जमिनीचे हक्क सांभाळणाऱ्या संस्था. त्यांचं सदस्यत्व त्या भागात राहणाऱ्या इतर प्रांतांतल्या अ‍ॅबोरिजिनल लोकांनाही मिळतं, म्हणून अशा कौन्सिलचा अध्यक्ष त्या भूमीचा पारंपरिक राखणदार असेलच असं नाही. व्हिक्टोरियात ‘फर्स्ट पीपल्स असेंब्ली’च्या, म्हणजे मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधी सभेच्या, निवडणुका २०१९ पासून होतात. तिचे सदस्य सरकारशी बोलणी करतात, मतांनी येतात, मुदत संपली की जातात. एल्डर मुदतीने जात नाहीत. कधी दोन्ही एकाच व्यक्तीत असतं, पण तुम्ही ओळख करून देताना कुठल्या नात्याने ती व्यक्ती आज आली आहे, तेवढंच सांगायचं.

आता प्रत्यक्ष काम.

पहिलं, हॉलचा पत्ता कुणाच्या कंट्रीवर येतो ते बघा. व्हिक्टोरियात २००६ च्या वारसा कायद्याखाली प्रत्येक मान्य भूभागासाठी त्या लोकांची एक नोंदणीकृत संस्था असते आणि त्यांच्या हद्दींचा नकाशा सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक आहे. मेलबर्नच्या मध्यातून जाणारी वुरुंडजेरी आणि बुनुरोंग यांची हद्द १ जुलै २०२१ पासून निश्चित झाली: शहराचा मध्यभाग वुरुंडजेरींकडे, सेंट किल्डा-आल्बर्ट पार्कची बाजू बुनुरोंगांकडे. तुमच्या पश्चिमेला गुंता जास्त आहे. वेरिबी नदीच्या आसपास बुनुरोंग, वाडवुरुंग आणि वुरुंडजेरी तिघांच्या हद्दी जवळ येतात. दोन किलोमीटरवर हॉल बदलला तर लोकही बदलू शकतात. उपनगराच्या नावावर जाऊ नका, नेमका पत्ता टाका. मागच्या वर्षीच्या पत्रकातलं नाव उचलून छापणं ही मंडळांची सर्वांत नेहमीची चूक. दुसरी, ‘वोमिंजेका’ हा स्वागताचा शब्द कुठेही बॅनरवर लावणं. तो वुरुंडजेरी आणि बुनुरोंग भाषांतला; वाडवुरुंगांचा स्वागताचा शब्द वेगळा आहे.

दुसरं, त्या संस्थेकडे लेखी मागणी करा, निदान सहा आठवडे आधी. मे अखेरचा रिकन्सिलिएशन म्हणजे सलोख्याचा आठवडा (२७ मे ते ३ जून) आणि जुलैतला नायडॉक म्हणजे मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा आठवडा यांच्या आसपास त्यांच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. सप्टेंबर त्या मानाने बरा. पत्रात तारीख, वेळ, पत्ता, किती लोक, कार्यक्रम कशाचा, नुसतं भाषण हवं की धुराचा विधीही (पानं जाळून त्या धुरातून लोकांना नेण्याचा), आधी आणि नंतर काय आहे, गाडी कुठे लावायची आणि दारात घ्यायला कोण येईल, हे लिहा. कोण एल्डर येणार हे संस्था ठरवते. ‘अमुकच पाठवा’ म्हणू नका, ‘अस्खलित बोलणारे पाठवा’ हे तर अजिबात नको. कुणी म्हणालं की त्या संस्थेला आम्ही मानत नाही, खरे वारस आम्हीच, तर वादात पडू नका. घराण्याघराण्यांतले वाद जुने असतात आणि त्यात न्याय करायला मंडळाला कुणी नेमलेलं नाही. कायद्याने मान्य संस्थेकडून जा.

मानधन असतंच. भाषणाचं वेगळं, धुराच्या विधीचं जास्त. दर संस्थेगणिक वेगळा, त्यामुळे आधी लेखी दर मागवा, आणि मंडळाच्या बजेटमध्ये ते ढोलपथकाच्या खर्चाआधी बसवा. घासाघीस करू नका. ‘आम्ही ना-नफा आहोत’ हे कारण प्रत्येक जण देतो. भटजींना दक्षिणा देताना आपण पावती फाडून सवलत मागत नाही.

धुराचा विधी हवा असेल तर हॉलच्या आत नको. ओली पानं जाळली की दाट पांढरा धूर होतो आणि स्मोक अलार्म वाजून अग्निशमन दल दारात येतं, त्याचा भुर्दंड भाडेकरूवर. बाहेर मोकळ्या अंगणात, वाऱ्याची दिशा बघून, धातूच्या भांड्यात. शेजारी पाण्याची बादली. कौन्सिलची परवानगी आधी. पानं आणि भांडं बहुधा तेच आणतात, तरी विचारून घ्या. लोकांनी धुरातून जायचं असतं, तेव्हा चारशे माणसांना पंधरा-वीस मिनिटं धरा. दम्याच्या लोकांना बाजूला उभं राहायची मोकळीक द्या. उन्हाळ्यात कार्यक्रम असेल तर पूर्ण आगबंदीच्या दिवशी हा विधी रद्द होऊ शकतो.

‘जोडीला डिजरिडू वाजवतील का?’ असं विचारायचा मोह होतो. ते वाद्य उत्तरेकडचं. मेलबर्नच्या बाजूला जुनी साथ म्हणजे टाळकाठ्या आणि पोसमच्या कातडीवर धरलेला ठेका. एल्डर कधी पोसमच्या कातडीचं पांघरूण घालून येतात. बारकाईने बघायला मिळालं तर त्याची आतली बाजू बघा: कितीतरी कातडी शिवून जोडलेली आणि प्रत्येक तुकड्यावर नदी, वाटा, घराण्याच्या खुणा कोरलेल्या. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात पोसम संरक्षित असल्याने आज ही कातडी न्यूझीलंडहून येतात, तिथे तो उपद्रवी प्राणी मानला जातो. हात लावायच्या आधी विचारा.

क्रमाचा प्रश्न तुम्हाला येणारच: आधी गणेशवंदना की आधी वेलकम? माझं मत स्पष्ट आहे, वेलकम आधी. दुसऱ्याच्या अंगणात आपली पूजा मांडायच्या आधी घरच्याने ‘या’ म्हणावं. मग दीपप्रज्वलन, मग वंदना. जुन्या मंडळींना ‘आधी गणपती’ ही रीत मोडल्यासारखी वाटते. त्यांना सांगा, पूजा हॉलच्या दारात पाय ठेवल्यावर सुरू होते, हे त्या पावलाच्याही आधीचं आहे. एल्डरना समई लावायला सांगायचं असेल, कुंकू लावायचं असेल, शाल-श्रीफळ द्यायचं असेल तर आठवडाभर आधी विचारा. यातले बरेच जण ख्रिस्ती आहेत आणि भर स्टेजवर ‘नको’ म्हणायची वेळ त्यांच्यावर आणू नये.

तारखेबद्दल एक इशारा, गणेशोत्सवाचा नसला तरी मराठी मंडळांच्या कामाचा. २६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन आणि त्यांचा ‘ऑस्ट्रेलिया डे’. अ‍ॅबोरिजिनल लोकांसाठी १७८८ मध्ये इंग्रजांनी ठाण मांडल्याची ती तारीख. १९३८ मध्ये त्याच दिवशी सिडनीत त्यांच्या पुढाऱ्यांनी शोकदिन पाळला होता. त्या दिवशीच्या झेंडावंदनाला वेलकमसाठी एल्डर मागाल तर नकार येण्याची तयारी ठेवा, आणि नकाराचं कारण विचारत बसू नका. शक्य असेल तर समारंभ जवळच्या दुसऱ्या शनिवारी घ्या.

संबोधनाचं बघू. आपण कुठल्याही वडीलधाऱ्याला काका-मावशी म्हणून मोकळे होतो. तिथे ‘अंकल’, ‘आंटी’ हा समाजाने दिलेला मान आहे आणि तो पहिल्या नावाला लागतो. संस्थेच्या पत्रात जसं नाव आलं असेल तसंच वापरा. तिथे ‘आंटी’ नसेल तर आपण होऊन जोडू नका. त्यांच्या नावाचा आणि लोकांच्या नावाचा उच्चार फोनवर विचारून देवनागरीत लिहून ठेवा. ‘अ‍ॅबोरिजिनी’ हा नामरूपी शब्द जुनाट आणि खुपणारा. ‘अ‍ॅबोरिजिनल’ विशेषणासारखं वापरा. त्याचं तोडून केलेलं छोटं रूप ही शिवी आहे. ते आपसात ‘माझा मॉब’ (माझी माणसं) म्हणतात, ते आपण उचलू नये. ‘आदिवासी’ शब्द मराठीत चुकीचा नाही, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच मेळघाट येतो, म्हणून मी लोकांचं स्वतःचं नावच घेतो.

ओळख आधी इंग्रजीत करून द्या, कारण ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांना ती कळली पाहिजे. मग मराठीत दोन-तीन वाक्यं पुरेत:

“आज आपण बुनुरोंग लोकांच्या भूमीवर जमलो आहोत. या भूमीचे राखणदार म्हणून आपलं स्वागत करायला बुनुरोंग एल्डर आंटी अमुक आल्या आहेत. आंटी, यावं.”

इतकंच. लोकांचं नाव तुमच्या पत्त्याप्रमाणे बदला. शिक्षण, नोकरी, पुरस्कार, त्यांनी सोसलेलं काही सांगायचं असेल तर त्यांनी स्वतः लिहून दिलेला मजकूरच वाचा, इंटरनेटवरून गोळा केलेला नको. ‘राखणदार’ शब्द मी मुद्दाम वापरतो. कोकणातल्या गावाला राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय शीव ओलांडत नाहीत. तो अर्थ हॉलमधल्या आजी-आजोबांना लगेच पोहोचतो. मात्र इंग्रजीत ‘ट्रॅडिशनल ओनर्स’ म्हणा. तिथे मालकीच्या हक्काची लढाई झालेली आहे आणि तो शब्द पातळ करायचा नसतो.

ऐन वेळी त्यांचं येणं रद्द होऊ शकतं. समाजात मृत्यू झाला की ‘सॉरी बिझनेस’ सुरू होतो, अंत्यविधी आणि दुखवट्याचे दिवस, आणि त्यापुढे कुठलाच करार मोठा नसतो. बदली माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’ करा. ती कुणीही करू शकतं, अगदी तुम्हीही: ही भूमी कुणाची ते नावाने सांगायचं, त्यांच्या आजवरच्या ज्येष्ठांबद्दल आदर व्यक्त करायचा, संपलं. तीन वाक्यांचा कागद खिशात तयार ठेवा. ‘वेलकम’ हा शब्द मात्र त्यात नको. स्वागत करायचा अधिकार तुमच्याकडे नाही.

त्या दिवशी एक जण फक्त एल्डरसाठी नेमा. गाडीपासून खुर्चीपर्यंत सोबत, पाणी, माइकची उंची त्यांच्या मापाने, सोबत आलेल्या नातवंडांना जागा. भाषण पाच-दहा मिनिटांचं असतं, पण लांबलं तर घड्याळ दाखवू नका. महाप्रसादाला थांबायचा आग्रह करा, सक्ती नको. फोटो आणि थेट प्रक्षेपणाची परवानगी आधीच लेखी घ्या. पुढे कधी त्या गेल्या तर मंडळाच्या पानावरचा फोटो ठेवायचा की काढायचा हे संस्थेमार्फत घरच्यांना विचारा. काही घरांत गेलेल्या माणसाचं नाव आणि चेहरा काही काळ झाकून ठेवतात, काहींना उलट तो दिसत राहावा असं वाटतं. आणि बिल आल्यावर खजिनदाराला ‘पुढच्या मीटिंगमध्ये बघू’ म्हणू देऊ नका. आठवड्याच्या आत पैसे गेले पाहिजेत.